मेजरांच्या पडद्यावरची दीपमाला

जयराज मेजरांना खुर्चीत पाठ टेकून बसलेलं मी कधी पाहिलं नाही. ते खुर्चीच्या अगदी काठावर बसतात, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि मान या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत सावकाश फिरत राहते. कुपवाडच्या आमच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या शेडमध्ये ते पहिल्यांदा आले तेव्हा आमचे मालक रविराजसर यांनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. मेजरांनी आधी खुर्ची उचलून दाराकडे तोंड करून ठेवली, मग बसले, आणि चहा संपेपर्यंत रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीची नोंद तोंडी देत राहिले. "टेम्पो, भरल्याला. मोटारसायकल, दोघंजण, मागं बाईमाणूस. कुत्रं, मागल्या पायानं लंगडतंय."

मला हसू आवरेना. मी सोल्डरिंग करत होते, हात हलला आणि एक सर्किट वाया गेलं. त्याबद्दल सरांची बोलणी मी खाल्ली, मेजरांनी नाही.

खरं तर ते मेजर नव्हेतच. हवालदार म्हणून निवृत्त झाले. पण आमच्या भागात फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो, त्यावर कुणी वाद घालत नाही. हवाई संरक्षणाच्या तुकडीत ते रडारच्या पडद्यासमोर बसायचे. राजस्थानच्या वाळूत, मग कुठेकुठे डोंगरांवर, आणि काम एकच. आभाळात काय आहे, कुठे चाललंय, आपलं की परकं, ते सांगायचं. नोकरी संपली आणि ते कुंडलजवळच्या आपल्या मळ्यातल्या घरी परतले. एवढी वर्षं आभाळ राखलेल्या माणसाला आता ऊस राखायचा होता. ऊस वर्षभर करतो काय, तर वाढतो. मेजरांनी घरासमोरच्या अंगणात येरझाऱ्या घालून वाट पाडली. शेवटी त्यांच्या बायकोनेच रविराजसरांना फोन केला. "ह्यास्नी कायतरी काम द्या वं, न्हाईतर माजं अंगाण उकरून निघंल," म्हणाल्या.

त्या म्हणजे दीपमालाकाकी. मेजरांबद्दल मी लिहायला बसले ते त्यांच्यामुळेच. हलणाऱ्या प्रत्येक वस्तूवर नजर ठेवणारा हा माणूस, आणि त्याच्याच घरात त्याची बायको हळूहळू आजारी पडत होती. हे त्याला दिसायला हवं होतं, आणि लवकर दिसायला हवं होतं. मला एका नजरेत दिसलं. त्याला दिसत नव्हतं. मला त्याचा जो संताप आला तो आजही पुरता गेलेला नाही.

आधी यंत्राबद्दल सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्याकडे बिबट्या आता उसातलाच प्राणी झालाय. मादी उसात पिल्लं घालते. तोडणी सुरू झाली की माणसं कोयते घेऊन त्याच फडात शिरतात, आणि त्यांची पोरं फडाच्या कडेला झोळीत झोपलेली असतात. रविराजसरांच्या डोक्यात आलं की जेवणाच्या डब्याएवढं एक रडार करायचं, ते फडाच्या कडेला खांबावर बसवायचं, आणि आत कुठलं जनावर हलतंय ते त्याने बाहेर सांगायचं. कॅमेऱ्याला पाल्याआडचं दिसत नाही. रडारची लाट त्यातूनही थोडीफार परत येते.

कल्पना झकास होती. पहिलं यंत्र मेजरांच्या मळ्यात लावलं आणि ते सकाळपासून दुपारपर्यंत बोंबलत राहिलं. ऊस हलतो ना! एकेक पान हलतं, आणि यंत्राला प्रत्येक पान बिबट्या वाटायचं. मेजर प्रत्येक इशाऱ्याला उठून काठी घेऊन जायचे. संध्याकाळी त्यांचा चेहरा बघवेना.

तेव्हा आम्ही यंत्राला शिकायला लावलं. तो भाग माझा. रोज दिसणारं, रोज तसंच हलणारं जे जे असेल ते यंत्र हळूहळू 'हे इथलंच' म्हणून बाजूला ठेवतं. वारा वाढला की स्वतःचे कान थोडे मिटतं, वारा पडला की उघडतं. जे उरतं तेवढ्याकडेच लक्ष देतं. आणि त्या उरलेल्याला ओळखतं ते चालीवरून. माणूस चालला की यंत्राला जोडलेल्या, पाटीएवढ्या पडद्यावर त्याच्या धडाची एक जाड रेघ उमटते, आणि तिच्या वर-खाली हातापायांच्या झुलण्याच्या लाटा. गाईची रेघ वेगळी, कुत्र्याची वेगळी, बिबट्याची तर फारच गुळगुळीत. घरची माणसं अंगणात आली की दर वेळी घंटा वाजू नये म्हणून त्यांच्या चाली आधीच भरून ठेवायच्या. अशा माणसापुढे पडद्यावर काय लिहायचं यावर आम्ही बराच घोळ घातला. मेजर म्हणाले, "त्यात इचार कसला? 'आपलं' म्हना. आमच्यात दोनच असतंय, आपलं न्हाईतर परकं."

पहिली चाल भरली ती काकींची. त्या बडबडत होत्या, "मला कामं न्हाईत व्हय, ह्या डब्यापुढं चालत बसाय?" आणि ओट्यापासून गोठ्यापर्यंत गेल्या, परत आल्या. एका हातात रिकामी बादली, दुसरा हात पार मागेपुढे, भांडायला निघाल्यासारखा. ती चाल माझ्या अजून डोळ्यासमोर आहे. आमच्या घराण्यात माणसाकडे बघतानाही आधी पायांकडे बघतात. माझा आजा बिराप्पा जतच्या माळावर मेंढरं राखायचा, ती सवय आमच्यात तशीच उतरली आहे. काकींची चाल बघून मी मनात म्हटलं, ही बाई या मेजरला पुरून उरेल.

पावसाळा आला, काकी रबरी चप्पल घालून हिंडायला लागल्या, आणि यंत्र त्यांनाच ओळखेना. चिखलातून चाललं की चाल बदलते. घंटा वाजायची, मेजर काठी घेऊन धावायचे, समोर बायको. काकी म्हणाल्या, "ह्या वयात नवरा रोज काठी घिऊन धावून येतोय, शेजारी काय म्हनत्याल?" मेजरांनीच मग उपाय सुचवला. "माया, मशीनला सांग, रोजची वळख रोज थोडी दुरुस्त कर. माणूस काय शिक्का हाय व्हय, रोज त्योच उमटायला?" मला पटलं. मी तसं केलं. एकदा यंत्राला खात्री पटली की ही दीपमालाच, की आजची चाल थोडीशी कालच्या चालीत मिसळायची आणि तीच उद्यासाठी ठेवायची. त्यानंतर काकींवर कधी घंटा वाजली नाही. उन्हात, पावसात, चपलेत, अनवाणी, पडद्यावर कायम एकच शब्द. आपलं.

मेजर खूश झाले. मीही खूश झाले, खोटं कशाला बोलू.

त्या दिवसांत चहा पिता पिता त्यांनी मला फौजेतली एक रीत सांगितली होती. पडद्यासमोर एक माणूस फार वेळ बसू देत नाहीत. डोळा मुरतो, असं ते म्हणाले. बघून बघून समोरचं सगळं सवयीचं होतं, आणि मग खरंच काही आलं तरी डोळा ते बाजूला सारतो. म्हणून माणूस बदलायचा. "आन नव्या माणसाला जुन्यानं काय बी सांगायचं न्हाई," मेजर म्हणाले. "हे पाखरांचं हाय, ते ढगाचं हाय, आसलं काय न्हाई. त्यानं कोऱ्या डोळ्यानं बघायचं. आमच्यातल्या एकानं सांगितलं हुतं एकदा दोस्ताला, त्यो ठिपका रोजचाच हाय म्हनून. लय मोठी गडबड झाली मग." गडबड काय झाली ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. मान पुन्हा फिरायला लागली.

पुढे मला कडेगावच्या बाजूला दुसऱ्या यंत्रावर लावलं. कुंडलची माहिती रोज फोनवर यायची, मळ्यावर जाणं मात्र होईना. असं वर्ष सरून गेलं. या हंगामात एका साखर कारखान्याने सांगितलं की तोडणीआधी यंत्र फडावर चालवून दाखवा, पटलं तर घेऊ. जागा ठरली मेजरांचाच मळा. म्हणून मी स्कूटर काढून कितीतरी दिवसांनी तिकडे गेले.

मेजर ओट्यावर होते. खुर्चीचं तोंड उसाकडे, मांडीवर पडदा, मान फिरतेय. मला बघून म्हणाले, "स्कूटर, एकटी बाई, हेल्मेट न्हाई." मी म्हटलं, "हेल्मेट डिकीत हाय." त्यावर त्यांनी माझा उद्धार केला, तोही मी ऐकून घेतला.

तेवढ्यात गोठ्याकडून काकी आल्या. मी त्यांच्याकडे बघितलं.

उजवा हात कोपरात दुमडून पोटाशी धरलेला. तो हलतच नव्हता. पावलं आखूड, उजवं पाऊल जमिनीवरून फरपटत येत होतं, धुळीत त्याची रेघ उठत होती. मला बघून त्या हसल्या, पण चेहऱ्यावर हसू यायला वेळ लागला. पूर्वी ते आधी यायचं आणि काकी मागून.

त्या आत गेल्यावर मी हळूच म्हटलं, "काका, काकींना बरं न्हाई व्हय?"

"तिला काय धाड भरलीय?" मेजर पडद्यावरून डोळे न काढता म्हणाले. "चपला फरपटवतीया म्हनून दोनदा नव्या आनून दिल्या. पर हिची सवय जाईना."

"काका, त्यांचा हात हलत न्हाई."

"बघ हिकडं." त्यांनी पडदा माझ्यापुढे धरला. अंगण ओलांडून गेलेल्या माणसाची ओळख त्यावर होती. दीपमाला, आपलं, खात्री जवळजवळ पूर्ण. "मशीन दिसातनं धा येळा बघतंय तिला. तुज्या मशीनवर तुजाच भरवसा न्हाई व्हय?"

ते यंत्र मीच शिकवलं होतं. मी आत स्वयंपाकघरात गेले.

काकी भाकरी थापत होत्या. डाव्या हाताने. उजवा हात परातीच्या काठावर ठेवला होता आणि त्याचा अंगठा बोटांवर घासल्यासारखा सारखा हलत होता. भाकरी एका बाजूला जाड होत होती. ब्लाऊजला हुकांऐवजी सेफ्टी पिना लावलेल्या मी तेव्हाच पाहिल्या.

"ऐकलं मी भायेर काय बोललीस ते," काकी म्हणाल्या. "परत बोलायचं न्हाई."

"आवं पर काकी, दवाखान्यात तरी गेलाय का?"

"हुईल तोडनी झाली की. आता बोलू नगंस. माणूस आत्ता कुठं जाग्यावर बसलाय, माया. ह्या मशीनमुळं बसलाय. त्यास्नी कळलं तर परत येरझाऱ्या घालाय लागत्याल. कारखान्याची माणसं येत्यात, मन ठिकान्यावर पायजे त्यांचं."

मग त्यांनी मला सांगितलं. लग्नानंतर पहिल्यांदा मेजर पोस्टिंगवर गेले तेव्हा सासूने, अंबूबाईने, काकींना फोनजवळ उभं करून शिकवलं होतं. तो तिकडं सीमेवर आहे, डोकं शांत पाहिजे, इथलं काही वाईट असलं तरी तोंडातून काढायचं नाही. तो विचारेल, सब ठीक? आपण म्हणायचं, समदं ठीक हाय. सासऱ्यांचं मांडीचं हाड मोडलं तेव्हा काकी तेच म्हणाल्या. वादळात गोठ्याचे पत्रे उडाले तेव्हा तेच. आपलं मूल पोटातच गेलं तेव्हाही फोनवर तेच म्हणाल्या, आणि मेजर सुट्टीवर आल्यावर त्यांना कळलं. या भागातल्या कितीतरी बायकांनी असं केलंय, त्यात विशेष काय, असं काकींचं म्हणणं.

"पर काकी, काका रिटायर झाल्यात. ओट्यावर बसल्यात ते."

"व्हय की," काकी म्हणाल्या. "पर तोंडाला वळण पडलंय त्येला काय करू?"

त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि शपथ घ्यायला लावली. मेजरांना मी आपल्या तोंडाने सांगायचं नाही. मी शपथ घेतली. स्कूटरवरून कुपवाडला परत येताना माझं डोकं नुसतं तापलं होतं. लंगडं कुत्रं दिसतं, माझं हेल्मेट दिसतं, बायको दिसत नाही! आणि ही बाई! घरात बसलेल्या नवऱ्याला अजून सीमेवरचा समजून निरोप पाठवतेय. दोघांचाही राग आला, आणि सगळ्यात जास्त यंत्राचा. पण यंत्राचं काय चुकलं होतं? त्याने सांगितलं तेच केलं. काकींचा हात रोज एवढासा कमी हलला, एवढासा म्हणजे नजरेत न येण्याइतका, आणि यंत्राने रोज तेवढी ओळख दुरुस्त करून घेतली. उद्याची दीपमाला कालच्या दीपमालेसारखीच होती. पहिल्या दिवसाच्या दीपमालेसारखी ती आहे का, हे विचारायला कुणी बसलंच नव्हतं. यंत्र आणि मेजर, दोघांचाही डोळा मुरला होता.

पुढचे काही दिवस मी काम करता करता उठायचे, पुन्हा बसायचे. रविराजसर म्हणाले, "तुलाही मेजरची लागण झाली काय?" मी म्हटलं, "सर, कारखान्याची माणसं येतील त्या दिवशी यंत्राचं शिकणं बंद ठेवूया. एवढी गर्दी येणार, सगळे इकडून तिकडे फिरणार, यंत्र त्यांनाच 'इथलं' समजून बसेल." सरांना पटलं. आणि ते खरंही होतं. फक्त माझ्या मनात दुसरंही होतं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी मी मळ्यावर गेले. ऊस उभा होता, तुरे आले होते, वारा चांगला होता. मेजर पहाटेपासून खांबाभोवती फिरत असावेत, कारण गवत तुडवलेलं होतं. एकदा केबल ओढून बघत, एकदा पडदा पुसत. "उद्या येकदा नीट झालं की बास," असं तीन-चार वेळा म्हणाले.

मी लॅपटॉप जोडला. शिकणं बंद केलं. आणि घरच्या माणसांच्या ओळखी पुसून, ज्या पहिल्या दिवशी भरल्या होत्या त्या परत टाकल्या. मी शपथ मोडली नाही. माझं तोंड बंद होतं.

"काका, एकदा तपासून बघूया. तुम्ही चाला."

मेजर चालले. आपलं. कुत्रं अंगणातून गेलं. कुत्रं, आपलं. गाय बाहेर काढली. बरोबर. मेजरांनी मांड्यांवर थाप मारली. मग त्यांनी घराकडे तोंड करून हाक दिली, "अगं, ये की जरा भायेर! गोठ्यापातूर जा!"

काकी पदराला हात पुसत आल्या. ओटा उतरल्या. अंगण ओलांडायला लागल्या.

घंटा वाजली. पडद्यावर लाल चौकट आली. परकं.

मेजर असे उडाले की खुर्ची कलंडली. काठी उचलून त्यांनी उसाच्या कडेकडे बघितलं, मग गोठ्याकडे, मग रस्त्याकडे. "कोन शिरलं? कुठनं आलं?" अंगणात फक्त काकी होत्या, जागच्या जागी थांबलेल्या.

"माया, काय केलंस ह्येचं?" ते ओरडले. "आदल्या दिशी मशीन बिघडवून ठेवलंस व्हय? परत चाल गं तू. सरळ चाल."

काकींनी माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं. त्या चालल्या. पुन्हा घंटा. पुन्हा परकं.

मेजर माझ्या अंगावर येणार एवढ्यात मी म्हटलं, "काका, तुमीच सांगितलंत. डोळा मुरला की माणूस बदलायचा, आन नव्या माणसाला काय बी सांगायचं न्हाई. मी मशीनचा माणूस बदललाय. पयल्या दिसाचा बसवलाय. त्येला कुणी काय सांगितलं न्हाई. आता तुमी बघा, पर कोऱ्या डोळ्यानं."

आणि मी पडद्यावर दोन रेघा एकाखाली एक लावल्या. वरची पहिल्या दिवसाची, खालची आत्ताची. नाव कशालाच लिहिलं नाही.

मेजर खाली बसले. पडदा मांडीवर घेतला. हे त्यांचं काम होतं, आणि काम समोर आलं की ते करतातच. त्यांचा आवाज बदलला, सपाट झाला, तुकडीत देत असतील तसा. "वरचं माणूस. बाई. चाल जोरकस, हाताचा झोल मोठा. खालचं बी माणूस. बाई. वेग निम्म्यावर. पावलं आखूड. उजवं पाऊल उचलत न्हाई, घासतंय. उजव्या हाताची लाट..." बोट त्या जागेवर ठेवून राहिले. "उजव्या हाताची लाट न्हाईच."

मग त्यांनी वर बघितलं.

अंगणाच्या मधोमध काकी उभ्या होत्या. उजवा हात पोटाशी, अंगठा बोटांवर घासत. मेजर उठून त्यांच्यापाशी गेले. त्यांच्या अगदी समोर उभे राहिले आणि बघायला लागले. चेहरा, हात, पिना, पाय, त्या नव्या चपला. मी मान खाली घातली. तसं बघणं तिसऱ्याने बघू नये.

"सब ठीक?" मेजरांनी विचारलं.

"समदं ठीक हाय," काकी म्हणाल्या. तोंडाला वळणच होतं ते.

"दीपमाला, मी सीमेवर न्हाई गं आता," मेजर म्हणाले. "घरात हाय मी. खरं सांग."

काकी रडल्या. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. रडताना त्यांना चेहरा धड वाकडाही करता येत नव्हता, नुसतं डोळ्यांतून पाणी गळत राहिलं, आणि ते पुसायला त्यांनी डावा हात उचलला.

त्यानंतर मेजरांना एक क्षण उभं राहवेना. घरात गेले, बाहेर आले, कागदपत्रांची पिशवी घेतली, ती विसरून पुन्हा आत गेले. काकी म्हणत होत्या, उद्या कारखान्याची माणसं येणार, परवा जाऊ. मेजर म्हणाले, "येऊ द्यात की. त्यास्नी ऊस दाखवंल माया." रविराजसरांना मी फोन केला तेव्हा त्यांनी एक शब्द विचारला नाही, शेडची गाडी पाठवून दिली. मी गाडी चालवली, मेजर मागे काकींशेजारी बसले. दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम मी एकटीने केला, आणि कसा झाला म्हणाल तर झाला. यंत्र चाललं. माझं लक्ष नव्हतं.

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी काकींची बोटं उघडझाप करवून पाहिली, मनगट हलवून पाहिलं, कागदावर नाव लिहायला लावलं. अक्षर सुरू झालं तेव्हा मोठं होतं, आडनावापर्यंत येता येता मुंगीएवढं झालं. मग त्यांना बाहेरच्या लांब बोळात चालायला सांगितलं. मेजर भिंतीला लागून उभे होते. काकी गेल्या, वळायला त्यांना बरीच पावलं टाकावी लागली, परत आल्या.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा कंपवात दिसतोय, पार्किन्सन्स म्हणतात तो. बरा होत नाही, पण गोळ्यांनी चाल सुटते, हात मोकळा होतो. इतके दिवस उगाच सोसलंत. मग त्यांनी कागद पुढे ओढला आणि मेजरांकडे बघून विचारलं, "यांना हे कधीपासून होतंय?"

साधाच प्रश्न होता. घरच्या माणसाला विचारतात तोच. ज्या माणसाने नोकरीभर दुसरं काही केलं नाही, कधी दिसलं, कुठून आलं, कसं सरकलं एवढंच सांगत आला, त्याने उत्तरासाठी काकींकडे बघितलं.

काकींनीच उत्तर दिलं. "गेल्या सालच्या पावसाळ्यात बघा. भाकरी थापताना हात अडला पयल्यांदा. भायेर पाऊस हुता, आन मशीन नवं-नवं हुतं."

"तवा मी कुठं हुतो?" मेजरांनी विचारलं.

"कुठं म्हंजी? तिथंच की," काकी म्हणाल्या. "वट्यावर. माज्याकडं पाठ करून राखण करत हुता."

डॉक्टरीणबाई लिहायच्या थांबल्या. बोळातून स्ट्रेचर गेलं, कुणाचा तरी फोन वाजला, दार आपटलं. मेजरांची मान यातल्या कशाकडेही वळली नाही. ते काकींच्या उजव्या हाताकडे बघत होते.